पुणे आणि माल्टा यांच्यामधला खिळा

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

“मागं हाय! मागं हाय!”

कानावर पडलं आणि खुर्चीतून उठलोच मी! सातासमुद्रापार, मुलाच्या गावचं नोव्हायचं ग्राउंड, मापात कापलेलं गवत, आईबाप घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले — आणि रेषेबाहेर उभा एक उंच गोरा माणूस कोल्हापुरी हाळी देतोय. विरुद्ध टीमचा गडी मागून आला की शाहू स्टेडियमवर आम्ही ओरडायचो, तश्शीच. आणि आमची इला, तिच्या चिनी मैत्रिणी, सोनेरी केसांच्या दोघी-तिघी — सगळ्या बरोबर मान वळवून मागं बघतात!

मॅच संपल्यावर नातीला विचारलं, हे कुणी शिकवलं. तर म्हणाली, कोचचा सीक्रेट कोड आहे, दुसऱ्या टीमला कळत नाही. ती ऑगस्टात वरच्या टीममध्ये गेली, तिथला हा कोच. नाव वोयिन. सर्बियाचा.

नाव ऐकलं आणि पुढचं विचारलं नाही. घरी येऊन धड जेवलो नाही. सूनबाईनं, रुचानं, दोनदा विचारलं — बाबा, बरं वाटत नाहीये का? म्हटलं, ऊन लागलं. इथं कसलं आलंय ऊन!

७ सप्टेंबर

तोच आहे. चेंडू पायात असताना खाली न बघणारा हाफ, म्हणजे मधल्या फळीचा गडी, मी आयुष्यात एकच बघितला. यापुढं टोपी डोळ्यांवर ओढून बसायचं.

१० सप्टेंबर, बुधवार

मुलगा शंतनू ऑफिसला, इला शाळेत, रुचा वरच्या खोलीत मीटिंगला. घर गप्प. लिहायला वेळच वेळ.

२०१२ साल. फाउंड्रीतून रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं. संध्याकाळ सगळी फुटबॉलची. स्वतः सटवाई तालमीकडून अकरा हंगाम हाफला खेळलो. गुडघे गेल्यावर बळवंत चषकाच्या कमिटीत बसलो — खेळाडूंचे फॉर्म घ्यायचं काम माझ्याकडं. इथल्या लोकांना सांगून खरं वाटत नाही, पण आमच्याकडं टीम कंपनीची नसते, तालमीची असते. आजोबा ज्या तालमीत कुस्ती खेळला, तिच्याच नावानं नातू फुटबॉल खेळतो. पेठ जिंकली की आठवडाभर ताठ चालायची. हरली की चहाच्या गाड्यावर शेजारच्या पेठेतला कोणीतरी हटकून विचारणार, “काय पाहुणं, झोप लागली न्हवं काल?”

त्या जानेवारीत पुण्याचा एक क्लब हंगाम अर्ध्यावर टाकून बंद पडला. त्यांचा परदेशी हाफ घरी जायला निघालेला. बाजारगल्ली तालमीच्या पोरांनी त्याला एसटी स्टँडवरूनच उचलला म्हणे! तिशीचा गडी, सहा फूट, उन्हानं नाक लालबुंद. दोन महिन्यांत अख्खं गाव त्याला ‘गोरा पाटील’ म्हणायला लागलं. मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी काढायचा आणि वर आणखी कट मागायचा. हलगी वाजली की वॉर्मअपला तिच्याच ठेक्यावर पळायचा. दगडी पायऱ्यांवर वीस हजार माणूस, आणि हा मान वर ठेवून चाळीस यार्डांचा पास असा सोडतोय जसा शेजारणीला वाटी देतोय.

आमच्या वैऱ्याच्या टीमचा! तरी मी मनातल्या मनात दाद द्यायचो. मी पोरांना सांगायचो, हाफ म्हणजे पोस्टमन. टपाल बरोबर पत्त्यावर, वेळेत टाकायचं, आणि पत्र वाचून हसणारा दुसराच. तसला पोस्टमन परत दिसला नाही कोल्हापुराला. काय दिवस होते! आठवलं की छाती भरून येते. आणि पाठोपाठ लाज वाटते.

१४ सप्टेंबर, रविवार

वोयिनला या क्लबात दहा वर्षं झाली. १८ ऑक्टोबरला त्याचा सत्कार. त्याच्या कारकिर्दीचा मोठा बॅनर करायचाय — सगळे क्लब, साल, क्रमानं — आणि काम पडलंय इलाच्या गळ्यात. मराठी शाळेतून आली आणि जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडून बसली.

म्हणाली, २०१२ ब्लँक आहे. कोच सांगतो तो त्या वर्षी कोल्हापूरला खेळला, कपच्या फायनलला गोल केला. पण इंटरनेटवर नावनिशाणी नाही. मुली हसतात, म्हणतात, कोचनं इंडियाची स्टोरी बनवली. टीमची मॅनेजर राधिका पुण्याची. गाड्यांच्या कंपनीत टेस्टिंगला आहे, त्यामुळं प्रत्येक गोष्ट टेस्ट करते. तिनं सांगून टाकलंय — व्हेरिफाय झालं तरच छापायचं.

मग इलानं मान वर केली. “आबा, तुम्ही तर कोल्हापूरचे फुटबॉलवाले ना! तुम्ही बघितलंय त्याला?”

मी म्हटलं, माझा चष्मा कुठं ठेवला कुणास ठाऊक. आणि उठून गेलो. चष्मा नाकावरच होता! तेरा वर्षांच्या पोरीसमोरून पळून गेलो मी.

१७ सप्टेंबर, बुधवार

जे नको तेच. इलाला मुलाखतीसाठी वोयिनच्या घरी जायचं होतं. रुचा आम्हाला सोडून किराणा आणायला गेली. म्हणाली, बाबा तुम्ही नुसते बसा सोबत.

दार त्यानंच उघडलं. माझ्याकडं बघितलं, हात जोडले — “नमस्कार, आबा.” क्लबातले सगळे म्हणतात तसंच. ओळखलं नाही. ओळखणार कसा? तेव्हा मिशा कलपानं काळ्याभोर होत्या, अंगानं दीडपट होतो. म्हणाला, खाली जरा पसारा आहे, दोन मिनिटं. एकटाच खाली जाऊन आला, मग आम्हाला तळघरात नेलं.

एका भिंतीवर ओळीनं खिळे. एका क्लबला एक खिळा. पहिल्यावर त्याच्या गावचा झेंडा — ग्राउंड साखर कारखान्याच्या मागं होतं म्हणे, बीटाच्या साखरेचा कारखाना, हंगामात पोरांच्या बुटांनासुद्धा मळीचा वास यायचा. आमच्याकडचा वास आठवला मला! मग शेजारच्या मोठ्या गावचा, दुसऱ्या डिव्हिजनचा. मग बेलग्रेडचा — तिथं वर्षभर बेंचच गरम केला, हसत म्हणाला. मग सायप्रस. मग कझाकस्तान, तिथं गोठलेल्या मैदानावर खेळून पायाची दोन नखं गेली. मग पुणे. मग रिकामा खिळा. पुढं माल्टा, आणि शेवटी इथला इनडोअर क्लब, जिथं गुडघा गेला तो.

इलानं विचारलं, हा रिकामा का. म्हणाला, कोल्हापूर. आणि मग जे बोलत सुटला! बेलग्रेडमध्ये शेजाऱ्यालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. कोल्हापुरात दूधवाला सकाळी दारात उभा राहून कालच्या चुकलेल्या पासवरून भांडायचा. दूध उतू जायचं, भांडण संपायचं नाही. अठरा वर्षांच्या खेळात आपण खरोखर कुणाचे तरी होतो ते तेवढे तीन महिने, म्हणाला.

मी त्या खिळ्याकडं बघत बसलो. चहा विचारला त्यानं. नको म्हटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

लिहूनच टाकतो. वही कुठं कुणाला सांगायला जातेय.

७ एप्रिल २०१२. दुसऱ्या दिवशी फायनल — सटवाई विरुद्ध बाजारगल्ली. नियम असा, की बाहेरच्या खेळाडूचा फायनलसाठी वेगळा फॉर्म आदल्या दिवशी पाचच्या आत माझ्याकडं यायला हवा. बाजारगल्लीची पोरं विसराळू. पावणेपाच वाजायला आले तेव्हा वोयिन स्वतःच सायकल मारत माझ्या घरी आला. फॉर्म हातात. ऑफिसात जा म्हणायला हवं होतं मी. पण घरी आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून कोण परत पाठवतं? बस म्हटलं. बायकोनं, रत्नानं, चहा टाकला. फॉर्मवर मी लिहिलं — ‘मिळाला, ४.४०’ — आणि सही केली. शिक्का ऑफिसात, रजिस्टरही ऑफिसात. सकाळी नोंद करू म्हणून फॉर्म पिशवीत टाकला आणि फायनलच्या गडबडीत साफ विसरलो! इथवर चूक. देवाशपथ, नुसती चूक.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला वोयिननं पंचवीस यार्डांवरून गोल मारला. आमच्या गोलात माझा पुतण्या शिव होता. झेप घेतली, बोटसुद्धा लागलं नाही. आम्ही एक-शून्यनं हरलो. एकोणीस वर्षं कप नव्हता आमच्या तालमीत. तासाभरात आमच्या लोकांनी हरकत घेतली, की गोऱ्याचा फॉर्म नोंदलेला नाही. कमिटीनं मला बोलावलं. रजिस्टर कोरं. पिशवी माझ्या मांडीवर, आतला कागद बोटांना लागतोय.

मी म्हणालो, “नोंद नाही.”

शब्द खरा होता! नोंद नव्हतीच. या एका खऱ्या शब्दावर मी तेरा वर्षं काढली.

वोयिन दारात उभा होता. काय चाललंय त्याला धड कळत नव्हतं. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला — “काका… चहा?” म्हणजे, मी आलो होतो ना, आपण चहा घेतला ना. तेवढंच मराठी होतं त्याच्याजवळ. मी खाली बघितलं. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, हाफनं खाली बघायचं नसतं.

बाजारगल्ली बाद, कप आमच्याकडं आला. गुलाल, हलगी, पेठभर मिरवणूक. रत्ना ओवाळायला बाहेर आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मीही विचारलं नाही. आठवड्यानं वोयिन गाव सोडून गेला. फॉर्म फाडायचा धीर झाला नाही, तालमीच्या फोटोंच्या पाकिटात घालून ट्रंकेत ठेवला. रत्नाला जाऊन चार वर्षं झाली. त्या चहावर आम्ही दोघं कधी अवाक्षर बोललो नाही.

२१ सप्टेंबर

‘माय आबा वॉज अ बिग फुटबॉल ऑफिशियल’ असं मैत्रिणींना सांगते पोरगी. काय तोंडानं सांगू तिला!

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी शिवला फोन लावला. त्याच्याकडं संध्याकाळ. आता तो तालमीचा अध्यक्ष आहे. म्हटलं, माझ्या घरी जा, ट्रंक उघड, फोटोंचं पाकीट आहे, त्यात एक फॉर्म सापडतोय का बघ. कशाला पायजे काका, म्हणाला. म्हटलं, आठवण.

ठरवलंय. फॉर्मचा फोटो आला की इलाच्या हातात द्यायचा. माझी सही आहे, वेळ आहे. पुढचं मला बोलावंच लागणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

शिवचा फोन आला. पाकीट मिळालं. १९७९च्या टीमचा फोटो मिळाला, मधल्या रांगेत मी, केसांचा कोंबडा काढलेला! फॉर्म नाही. फोटोंखेरीज एक रजिस्टर पोस्टाची पावती, शाई उडालेली. बास. परत बघायला लावलं. नाहीच. वाळवी म्हणावी तर तिनं फोटो कसे सोडले?

खरं लिहितो. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. पुरावाच नाही, तर कोण विचारतंय! मग दिवसभर स्वतःचाच राग राग केला.

संध्याकाळी इलानं कागदाची आपट्याची पानं कापून सगळ्यांना दिली. मराठी शाळेत शिकवलंय. पाया पडून म्हणाली, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. पान अजून खिशात आहे. त्याच्याकडं बघवत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

बॅनर छापून आला. पुणे, आणि त्याच्यापुढं थेट माल्टा. रिकामी जागासुद्धा नाही, कुणाला कळायचंसुद्धा नाही. वोयिननं बघितला. गुड, गुड, म्हणाला आणि इलाच्या डोक्यावर हात ठेवला. मग पाणी प्यायला म्हणून बराच वेळ पाठ करून उभा राहिला. लांबून बघत होतो मी.

गाडीत इला माझ्याशेजारी. घराच्या वळणावर म्हणाली, “आबा, कोच लायर नाहीये. आय जस्ट नो.”

मलाही माहीत आहे गं बाळा. माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

१२ ऑक्टोबर

आधी शिवला सांगितलं. सगळं. त्या कपावर त्याचंच नाव कोरलंय, त्याला परक्याकडून कळायला नको. मग म्हणाला, “काका, त्या कपाला हात लावायला लावून मी पोरांना शपथा घालतो.” आणि फोन ठेवला.

२ नोव्हेंबरचं परतीचं तिकीट आहे. तालमीच्या दारावरून जायचं कसं, ते तिथं गेल्यावर बघू.

१८ ऑक्टोबर, शनिवार

झालं.

क्लबाच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं. पिझ्झा, आणि आपल्या बायकांनी केलेले बटाटेवडे. राधिकानं विचारलं, अजून कुणाला दोन शब्द बोलायचेत का. मी उठलो. शंतनू माझ्याकडं बघायलाच लागला. इलाला म्हटलं, ये, मी मराठीत बोलतो, तू इंग्रजीत सांग.

पहिल्यांदा शाहू स्टेडियम सांगितलं. दगडी पायऱ्या सांगितल्या, हलगी, वीस हजार माणूस, गोरा पाटील. पोरी आ करून ऐकायला लागल्या. इलाचा आवाज असा चढला! बघा, मी म्हणत नव्हते, असा. मग तो गोल सांगितला, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाचा. टाळ्या पडल्या. तिथं थांबलो असतो तर चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं, आणि कोल्हापूर बॅनरवर आलं असतं. क्षणभर तेही मनात आलं, खोटं कशाला बोलू.

मग पुढचं सांगितलं. फॉर्म, पिशवी, ‘नोंद नाही’. इला मध्येच थांबली. “आबा, रिअली?” हळूच म्हणाली. म्हटलं, “सांग त्यांना.” सांगितलं तिनं. माझ्याकडं न बघता, बारीक आवाजात, पण एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणालो, “तो कागद मी हरवलाय. पुरावा म्हणून आता मी आहे फक्त.”

शंतनू जमिनीकडं बघत होता. मग राधिका उठली, पिशवीतून जाड मार्कर काढला आणि इलाच्या हातात दिला. पुणे आणि माल्टा यांच्या मधल्या फटीत इलानं बसवून लिहिलं — कोल्हापूर, २०१२. मराठीत लिहिलं.

वोयिन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझी टोपी काढून माझ्याच हातात दिली. आणि म्हणाला, “काका.” आबा नाही. काका! “काका, उद्या. चहा.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून ओळखत होता. रडू आलं मला सगळ्यांसमोर. घरी येताना इला माझ्याशेजारी बसली नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

इला आपणहून आली सोबत.

खिळा रिकामा नव्हता. काचेच्या फ्रेममध्ये फॉर्म. माझी सही, ४.४०. त्या दिवशी दोन मिनिटं थांबवून खाली गेला होता, तो हे काढून ठेवायला. बॅनरसाठी का नाही दाखवलास, विचारलं. म्हणाला, त्यावर तुझं नाव आहे, आणि तू इलाचा आबा.

२०१३ला सर्बियात त्याच्या आईच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं आला म्हणे. पत्ता फॉर्मवरच होता. सोबत चिठ्ठी नाही, फक्त फॉर्मच्या खालच्या कडेला बारीक दोन ओळी. काय लिहिलंय ते त्यानं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. वाच, म्हणाला. अक्षर बघितलं आणि मला काही दिसेचना.

मग इलानंच काचेवर बोट ठेवून, मराठी शाळेतल्यासारखं एकेक अक्षर जुळवत वाचलं — “फॉर्म वेळेत आला होता. चहा मी टाकला होता. रत्ना.”